गाडी न उघडता बिघाड शोधायला शिकवता येते का?

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी खासगी आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक असलेल्या एका सहकाऱ्याने पुढील प्रश्न विचारला आहे. त्यांच्याकडे मोटार मेकॅनिक व्यवसायाला बावीस मुले आहेत. कार्यशाळेत एक जुनी डिझेल जीप, एक कापून ठेवलेले इंजिन आणि देणगीत मिळालेली एक बीएस-४ (धूर-प्रदूषणाच्या आधीच्या निकषांची) पेट्रोल कार आहे. संस्थाचालकांनी यंदा काही रक्कम मंजूर केली असून, ती संगणकावरील सिम्युलेशनवर खर्च करावी की आणखी एखादी जुनी गाडी घ्यावी, यावर एकमत होत नाही. ‘संगणकावर बोटे चालवून कोणी मेकॅनिक होतो का?’ असे एक ज्येष्ठ विश्वस्त विचारतात, तर ‘यापुढे कार्यशाळेची गरजच उरणार नाही’ असे विक्रेता सांगतो. या दोघांत खरे कोण, असे त्यांनी विचारले आहे.

मी सुरुवातीची नऊ वर्षे जालन्यातील गॅरेजांमध्ये काम केले आणि त्यानंतर गेली एकोणीस वर्षे छत्रपती संभाजीनगर येथे मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवतो आहे. यातील शेवटची काही वर्षे मी सिम्युलेशन नियमितपणे वापरत आहे. त्या आधारावर माझे मत असे आहे की सिम्युलेशन जरूर घ्यावे, पण ते एकाच कामासाठी घ्यावे, आणि ते काम म्हणजे बिघाड शोधायला शिकवणे. नट खोलायला, बेअरिंग बसवायला किंवा क्लचप्लेट बदलायला ते शिकवू शकत नाही आणि तसा दावा कोणी करत असेल तर तो मान्य करू नये. मात्र बिघाड शोधण्याचे शिक्षण, जे आपल्या आयटीआयमध्ये आणि गॅरेजमध्येही सर्वांत दुर्लक्षित राहिले आहे, ते सिम्युलेशनइतक्या चांगल्या रीतीने देणारे दुसरे स्वस्त साधन मला अजून दिसलेले नाही.

हे मत बनण्यामागे माझ्याच हातून घडलेली एक चूक आहे. गॅरेजमधील माझ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी गेवराईकडे फेऱ्या मारणारी एक काळी-पिवळी जीप आमच्याकडे आली. ‘सकाळी सेल्फ उचलंना, धक्का मारावा लागतोय,’ एवढीच मालकाची तक्रार होती. मी बॅटरी बदलायला लावली. दुसऱ्या दिवशी तक्रार कायम राहिली, म्हणून सेल्फ उतरवून आर्मेचर, कार्बन ब्रश, बुश सगळे पाहिले आणि ब्रश नवे टाकले. तिसऱ्या दिवशीही सेल्फ तसाच जड फिरत होता. शेवटी आमच्या वयस्कर मेस्त्रींनी इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी सोडली. बोल्टखालचा भाग हिरवट गंजाने भरलेला होता. सँडपेपरने तो साफ करून बोल्ट आवळला आणि सेल्फ पहिल्याच झटक्याला फिरला. मालकाच्या तीन दिवसांच्या फेऱ्या बुडाल्या होत्या आणि नव्या बॅटरीचे पैसे त्याने उसने काढून दिले होते.

मी ती पट्टी तपासली नव्हती असे नाही. मल्टिमीटर ओहमवर ठेवून पट्टीच्या दोन्ही टोकांना लावला होता आणि मीटरने जवळजवळ शून्य दाखवले होते. चूक नेमकी तिथेच होती. सेल्फ फिरताना साधारण १५० अँपिअर करंट त्या पट्टीतून जातो. पट्टीच्या जोडाचा रोध केवळ ०.०१ ओहम असला तरी ओहमच्या नियमाप्रमाणे १.५ व्होल्ट तिथेच खर्च होतात, आणि आधीच सेल्फ मारताना दहा-साडेदहा व्होल्टपर्यंत उतरलेल्या बॅटरीतून सेल्फला पुरेसे व्होल्टेज उरत नाही. साधा मीटर मात्र ०.१ ओहमपेक्षा कमी रोध नीट दाखवूच शकत नाही, शिवाय त्याच्या दोन वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. सेल्फ फिरत असताना पट्टीच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजले असते तर दोन मिनिटांत बिघाड सापडला असता. ओहमचा नियम मला तोंडपाठ होता. मीटरही माझ्या हातात होता. पण कोणते मोजमाप कोणत्या परिस्थितीत घ्यायचे, हे मला कोणी शिकवलेले नव्हते, कारण ते शिकवण्यासाठी लागणारा बिघाड वर्गात हुकमी आणता येत नव्हता.

सिम्युलेशनची खरी उपयुक्तता या ‘हुकमी बिघाडा’त आहे. आपण अनुभव वर्षांत मोजतो, पण बिघाड शोधणाऱ्याचा अनुभव त्याने किती वेगवेगळे बिघाड स्वतः सोडवले यावर ठरतो. आपली मुले शिकाऊ उमेदवार म्हणून एखाद्या सर्व्हिस सेंटरमध्ये वर्षभर राहतात तेव्हा तिथे काय करतात, हे आपल्याला ठाऊक आहे. ऑइल बदलणे, फिल्टर साफ करणे, ब्रेक पॅड टाकणे, गाडी धुऊन देणे, हीच कामे दिवसभर चालतात. वायरिंगचा अवघड बिघाड आला की तो फोरमन स्वतःकडे घेतो आणि ते योग्यच असते, कारण ग्राहक ताटकळत असतो. त्यामुळे वर्षाच्या शेवटी मुलाच्या वाट्याला असे बिघाड हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही येत नाहीत.

हाच प्रश्न अमेरिकी हवाई दलालाही पडला होता. एफ-१५ विमानांच्या इलेक्ट्रॉनिक भागांची तपासणी करणारी यंत्रे स्वतःच बिघडली तर ती दुरुस्त करणारे तंत्रज्ञ घडवायला फार वर्षे लागत, कारण अवघड बिघाड क्वचितच येत. पिट्सबर्ग विद्यापीठातील ॲलन लेसगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात त्यांच्यासाठी ‘शेरलॉक’ नावाची संगणकीय प्रणाली तयार केली. तिच्यात तंत्रज्ञाला एकामागून एक अवघड बिघाड दिले जात आणि तो अडला की सूचना मिळे. वीस-पंचवीस तासांच्या सरावानंतर हे तंत्रज्ञ सुमारे चार वर्षे जास्त अनुभव असलेल्यांच्या बरोबरीने बिघाड शोधू लागले, असे तिच्या मूल्यमापनात आढळले. हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या बावीस मुलांना लागू होईल असे मी म्हणणार नाही, कारण त्या तंत्रज्ञांचे हात आधीच तयार होते आणि त्यांना मूलभूत वीजशास्त्र येत होते. पण क्वचित येणारा बिघाड एका आठवड्यात वीस वेळा समोर आणता येणे, यात किती ताकद आहे हे त्यावरून समजते.

आपल्याकडे ही गरज अलीकडे फार वाढली आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धूर-प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि दुचाकीतूनही कार्बोरेटर जवळपास हद्दपार होऊन फ्युएल इंजेक्शन आले. जुन्या मेस्त्रींचे कान आणि बोटे हीच त्यांची हत्यारे होती. टॅपेटचा आवाज ऐकून ते दोष सांगत. मात्र सेन्सरकडून येणारा पाच व्होल्टपर्यंतचा संदेश ऐकू येत नाही आणि बोटाला जाणवतही नाही. तो मोजावा लागतो, आणि मोजण्याआधी तो किती यायला हवा याचा विचार करावा लागतो. तो विचार न करणारा मुलगा स्कॅनर लावतो, गाडीच्या कंट्रोलरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचतो आणि कोडमध्ये ज्या सेन्सरचे नाव असेल तो सेन्सर बदलतो. पी०११८ हा कोड कूलंट तापमान सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त आहे एवढेच सांगतो. सेन्सर खराब आहे असे तो म्हणत नाही. तुटलेली वायर, निघालेला कपलर (वायरींचा जोड) किंवा उंदराने कुरतडलेली अर्थिंग यापैकी कशानेही तोच कोड येतो. कापसाच्या आणि सोयाबीनच्या गोदामाशेजारी उभ्या राहणाऱ्या आपल्याकडच्या गाड्यांत उंदराची शक्यता सेन्सरपेक्षा आधी तपासावी लागते.

आता प्रत्यक्ष वर्गात काय करायचे ते एका उदाहरणाने सांगतो, आणि त्यासाठी तुम्हाला एक रुपयाही खर्च करावा लागणार नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या प्रकल्पाची विज्ञानाची सिम्युलेशन मोफत आहेत आणि त्यांतील अनेक मराठीतूनही मिळतात. त्यांत विद्युत मंडल जोडण्याचे एक सिम्युलेशन आहे. त्यात १२ व्होल्टची बॅटरी घ्या, १० ओहमचा बल्ब जोडा आणि बल्बकडून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणाऱ्या वायरीत २ ओहमचा एक रोध टाका. हा रोध म्हणजे आपली गंजलेली अर्थिंग. बल्ब मंद पेटेल. आता मुलांना विचारा की बिघाड कुठे आहे. बहुतेक मुले गॅरेजमध्ये जे पाहतात तेच करतील, म्हणजे बल्ब काढतील आणि होल्डरच्या दोन टोकांना मीटर लावतील. मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवेल. ‘करंट तर पूर्ण येतोय, बल्बच खराब आहे,’ असे अर्धा वर्ग म्हणेल.

इथे त्यांना थांबवा. बल्ब परत जोडून तो पेटलेला असताना मोजायला सांगा. आता बल्बच्या दोन टोकांमध्ये १० व्होल्ट दिसतील आणि त्या २ ओहमच्या रोधाच्या दोन टोकांमध्ये उरलेले २ व्होल्ट दिसतील, कारण मंडलातून एक अँपिअर वाहतो आहे. बल्ब काढला होता तेव्हा करंट वाहतच नव्हता, आणि करंट वाहत नसेल तर रोधावर व्होल्टेज खर्च होत नाही; म्हणून खराब अर्थिंगही तेव्हा निर्दोष दिसली. हे फळ्यावर सांगितले तर मुले वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. सिम्युलेशनमध्ये त्यांनी स्वतः बल्ब काढून १२ पाहिले, बल्ब लावून १० पाहिले आणि मग हरवलेले २ व्होल्ट शोधत शोधत मीटरचे टोक एकेक जोड पुढे सरकवले की ते कायमचे लक्षात राहते. माझ्या वर्गात एका मुलाने त्या वेळी काहीही न बोलता मीटर तसाच धरून बल्ब पाच-सहा वेळा काढला आणि लावला. प्रत्येक वेळी आकडा बदलताना तो पाहत होता. त्या दिवसानंतर त्याने बल्ब काढून होल्डर मोजणे बंद केले. जीपच्या अर्थिंगच्या पट्टीवर मी तीन दिवस जे शिकलो, ते त्याला पाऊण तासात समजले आणि त्यासाठी कोणा गाडीमालकाच्या फेऱ्या बुडाल्या नाहीत.

आता विकत घेण्याच्या सॉफ्टवेअरकडे वळतो. बाजारात ‘सिम्युलेशन’ या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकीत इंजिनचे सुंदर त्रिमिती चित्र फिरते, भाग सुटे होऊन पुन्हा जुळतात आणि ‘पुढे’ हे बटण दाबत जायचे असते. हे ॲनिमेशन आहे; दाखवायला चांगले आहे, पण त्यात मुलगा काही ठरवत नाही. दुसरीत संगणकाच्या आत गाडीचे गणित चालू असते. तिथे तुम्ही मीटर कुठेही लावा, त्या जागी त्या क्षणी जेवढे व्होल्टेज असायला हवे तेवढेच दिसते, कारण ते आधी लिहून ठेवलेले उत्तर नसून त्याच वेळी काढलेले उत्तर असते. तुम्हाला दुसरीच हवी. विक्रेता प्रात्यक्षिक दाखवायला येईल तेव्हा माऊस त्याच्या हातून स्वतःकडे घ्या आणि त्याने न सांगितलेल्या गोष्टी करा. मीटर अँपिअरवर ठेवून थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावा. फ्यूज उडायला हवा. बिघाडाशी काहीही संबंध नसलेल्या एखाद्या वायरीवर मोजमाप घ्या. तिथेही योग्य आकडा यायला हवा. इग्निशन बंद करून मग सेन्सरचे पाच व्होल्ट मोजा. ते नाहीसे झाले पाहिजेत. निर्दोष भाग बदलून पाहा. तक्रार कायम राहिली पाहिजे. ‘हे मोजमाप या धड्यात उपलब्ध नाही’ अशी पाटी वारंवार येत असेल, तर ते सॉफ्टवेअर मुलाला विचार करायला शिकवणार नाही, कारण जिथे मोजता येते तिथेच बिघाड आहे हे मुले दोन दिवसांत ओळखतात.

चित्र किती हुबेहूब आहे याला मी फारसे महत्त्व देत नाही. गाडी वागण्यात हुबेहूब असली पाहिजे. दिसायला ती साध्या रेघांच्या आकृतीसारखी असली तरी चालते. याच कारणाने डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर उपकरणांवर तुम्ही यंदा पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बावीस मुलांत दोन संच आले तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला काही मिनिटे येतात आणि बाकीची मुले रांगेत उभी राहतात. रंगकामाच्या प्रशिक्षणात मात्र मी अशा उपकरणांच्या बाजूने आहे, कारण तिथे स्प्रेगनचे पत्र्यापासूनचे अंतर, कोन आणि हात सरकवण्याचा वेग हेच शिकायचे असते, यंत्र ते मोजून दाखवते, आणि महागडा रंग व थिनर वाया न घालवता हात शंभर वेळा फिरवता येतो. पण तुमचा व्यवसाय तो नाही.

सॉफ्टवेअर कितीही चांगले असले तरी ते मुलांसमोर उघडून आपण खुर्चीत बसलो तर त्यातून एक वाईट सवय लागते. संगणकावर चूक फुकट असते. म्हणून मुले विचार न करता क्लिक करत सुटतात, एकेक भाग बदलतात आणि केव्हातरी उत्तर लागते. अशा सरावाने गॅरेजमधला भाग-बदलू मेकॅनिकच आणखी वेगाने तयार होईल. यावर मी दोन बंधने घातली आहेत आणि ती मी कधीही सैल करत नाही. पहिले असे की, कोणतेही मोजमाप घेण्याआधी मुलाने वहीत तीन गोष्टी लिहायच्या: मी कुठे मोजणार, निर्दोष गाडीत तिथे किती यायला हवे, आणि वेगळा आकडा आला तर मी काय समजणार. दुसरे असे की, प्रत्येक मोजमापाची आणि प्रत्येक भागाची किंमत ठरलेली असते. मोजमापाला पाच मिनिटे मजुरी, सेन्सर बदलला तर त्याची बाजारातली किंमत, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंट्रोलर, बदलला तर त्याची किंमत. शेवटी ग्राहकाचे बिल मुलाने स्वतः तयार करायचे आणि मोठ्याने वाचून दाखवायचे. ज्या मुलाच्या बिलात नको असलेला ईसीएम असतो, त्याला ते बिल वाचताना जे वाटते ते माझ्या कोणत्याही उपदेशाने वाटले नसते.

सुरुवातीला दहा संगणकांचीही गरज नाही. एक संगणक, एक प्रोजेक्टर आणि सगळा वर्ग मिळून एकच बिघाड, असे पहिले दोन-तीन आठवडे काढावेत. मी ग्राहक बनतो आणि ग्राहकाच्याच भाषेत तक्रार सांगतो: ‘मास्तर, चढावर गाडी दमच धरीना.’ मग मुलांनी मला प्रश्न विचारायचे. कधीपासून होते, गाडी गार असताना होते की तापल्यावर, डिझेल कुठे भरले, मधे कोणी काही काम केले का? सॉफ्टवेअरमध्ये तक्रार बहुतेक वेळा स्वच्छ इंग्रजीत, एका ओळीत आणि नेमकी दिलेली असते. आपल्या मुलांना उद्या तशी तक्रार कोणीही सांगणार नाही. म्हणून हा भाग शिक्षकानेच करायचा आहे. पुढे काय मोजायचे यावर वर्गात मतभेद झाले की मी दोन्ही बाजूंना आपापले कारण सांगायला लावतो. एका ओळीत आठ जोड असतील आणि त्यांपैकी एक तुटला असेल, तर एका टोकापासून मोजत गेल्यास सात वेळा मोजावे लागू शकते. मधोमध मोजून अर्धा भाग बाद करत गेल्यास तीन मोजमापांत बिघाड सापडतो. हे मुलांनी आपसात वाद घालत शोधून काढले की ते त्यांचे स्वतःचे होते.

यानंतर हाताचा प्रश्न येतो, आणि तुमच्या विश्वस्तांचे म्हणणे इथे पूर्ण खरे आहे. बोल्ट आवळताना आटे सरकू लागल्याची जाणीव, जळालेल्या क्लचचा वास, कपलरची कडी न मोडता ती दाबून सोडवणे, अरुंद जागेत न दिसणाऱ्या नटावर रिंग पाना बसवणे, हे सगळे लोखंडावरच शिकावे लागते. सिम्युलेशनमधला बिघाड नीटनेटकाही असतो: वायर एकतर तुटलेली असते किंवा अखंड असते. खरी वायर आतून निम्मी तुटलेली असते, हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवला की जोडली जाते आणि खड्ड्यात गाडी आदळली की सुटते. म्हणून संगणकावर सोडवलेला प्रत्येक बिघाड त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी खऱ्या गाडीवर सोडवायचा, हा माझा नियम आहे. तुमच्याकडची बीएस-४ कार यासाठी उत्तम आहे. डॅशबोर्डखाली एक लाकडी किंवा प्लास्टिकची पेटी बसवा, दहा-बारा साधे टॉगल स्विच घ्या आणि निवडक वायरी त्यांतून फिरवा, म्हणजे एक बटण दाबताच क्रँक सेन्सरची (इंजिनचे फिरणे मोजणाऱ्या सेन्सरची) वायर तुटेल, दुसऱ्याने फ्युएल पंपाच्या रिलेचा पुरवठा जाईल, तिसऱ्याने कूलंट सेन्सरच्या अर्थिंगमध्ये रोध येईल. एअरबॅग, एबीएस आणि स्टिअरिंग यांच्या वायरींना हात लावू नका आणि ती गाडी पुन्हा रस्त्यावर नेऊ नका.

कॅन नेटवर्कचा धडा अशा जोडीने फार चांगला शिकवता येतो. बॉशने १९८६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत दोन पिळलेल्या वायरींवरून सगळे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात आणि त्या ओळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी सोडवून, सोळा पिनांच्या निदान कपलरमधील ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये मोजले की साधारण ६० ओहम यावेत. १२० आले तर ओळ कुठेतरी तुटली आहे किंवा एका टोकाचा रोध नाही; शून्याच्या जवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. सकाळी हे तिन्ही आकडे संगणकावर पाहिलेला मुलगा दुपारी गाडीखाली वाकतो तेव्हा त्याचा हात थरथरत नाही. मात्र सर्व गाड्यांत या पिना निदान-कपलरमधून थेट नेटवर्कला जोडलेल्या नसतात, मधे गेटवे (संदेश पुढे पाठवणारा वेगळा कंट्रोलर) असू शकतो, हे सांगायला विसरू नका.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत मात्र मी क्रम उलटा करू देत नाही. बऱ्याच कारमधील मुख्य बॅटरी ३०० ते ४०० व्होल्टची असते आणि ६० व्होल्टच्या पुढचा डीसी पुरवठा जिवाला धोकादायक मानला जातो. तिथे चुकून शिकण्याची सोय नाही. गाडी बंद करणे, १२ व्होल्टची बॅटरी सोडवणे, १००० व्होल्टपर्यंतचे रबरी हातमोजे फुगवून तपासणे आणि घालणे, सर्व्हिस प्लग (मुख्य बॅटरीचा पुरवठा तोडणारा प्लग) काढून स्वतःच्या खिशात ठेवणे, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली मिनिटे थांबणे, मीटर आधी चालू पुरवठ्यावर तपासणे, मग बंद केलेल्या जागी शून्य आहे याची खात्री करणे आणि पुन्हा मीटर चालू पुरवठ्यावर तपासणे, हा क्रम मुलाने संगणकावर एकही पायरी न चुकवता लागोपाठ वीस वेळा करून दाखवल्याशिवाय मी त्याला उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलजवळ उभे करत नाही. संगणकावर एखाद्याने थांबण्याची मिनिटे टाळली तर स्क्रीन लाल होते, तेवढ्यावर निभावते. गाडीवर ते निभावत नाही.

आपल्या भागातील काही अडचणीही खरेदीआधी पाहिल्या पाहिजेत. इंटरनेटशिवाय न चालणारे सॉफ्टवेअर तालुक्याच्या गावी निरुपयोगी ठरते. ते संगणकावर उतरवून चालते की नाही हे आधी विचारा. वीज जाते तेव्हा अर्धवट सोडवलेला बिघाड जपून ठेवला जातो का, हेही पाहा, नाहीतर भारनियमनाच्या दिवसांत मुलांचा धीर सुटतो. बहुतेक सॉफ्टवेअर युरोपातील कारवर आधारलेले असते. तुमच्या मुलांपैकी बहुतेक जण दुचाकी, ट्रॅक्टर आणि मालवाहू टेम्पो यांच्याच दुरुस्तीवर पोट भरणार आहेत. म्हणून त्यात दुचाकीचे इंजेक्शन आणि कॉमन रेल डिझेल आहे याची खात्री करून घ्या. भाषेसाठी मी एक काम केले आहे. स्क्रीनवर दिसणारे साधारण दीडशे इंग्रजी शब्द आणि त्यांपुढे गॅरेजमध्ये खरोखर वापरला जाणारा शब्द, अशी यादी करून ती प्रत्येक टेबलावर चिकटवली आहे. पुस्तकी प्रतिशब्द त्यात घातले तर मुलांना दोन परक्या भाषा शिकाव्या लागतात; ‘सेल्फ’, ‘कपलर’, ‘अर्थिंग’ हे शब्द त्यांना येतात, तेच वापरावेत.

परीक्षा मात्र संगणकावर घेऊ नका. सॉफ्टवेअर शेवटी शंभर टक्के पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र देते आणि संस्थाचालकांना ते दाखवायला बरे वाटते, पण त्यातून मुलगा काय करू शकतो हे कळत नाही. बिघाड पेटीचे एक बटण दाबून ठेवा, मुलाला गाडी, मीटर, वायरिंगचा नकाशा आणि ४५ मिनिटे द्या आणि शेजारी उभे राहून त्याने कोणत्या क्रमाने काय मोजले ते लिहा. बिघाड सापडला नाही तरी मोजमापांचा क्रम बरोबर असेल तर मी त्याला उत्तीर्ण करतो. अंदाजाने भाग बदलून बिघाड गेला तर करत नाही. सॉफ्टवेअरमधली नोंद इथे दुसऱ्या रीतीने कामाला येते. प्रत्येक मुलाने महिन्याभरात काय काय मोजले हे त्यात साठलेले असते. मुलगा ज्या ठिकाणी वारंवार अडतो ते ठिकाण पाहून, त्याच्या परीक्षेसाठी मी तेच बटण निवडतो.

तुमच्या रकमेबद्दल विचारले आहे म्हणून सांगतो. यंदा आणखी गाडी घेऊ नका आणि पूर्ण रक्कम सॉफ्टवेअरलाही देऊ नका. पहिली सहामाही मोफत विद्युत सिम्युलेशन, एक प्रोजेक्टर आणि तुमच्या कारमधली बिघाड पेटी यांवर काढा. प्रत्येक दोन मुलांमागे एक चांगला मल्टिमीटर घ्या, कारण संगणकावर शिकलेला मुलगा कार्यशाळेत येऊन मीटरची वाट पाहत उभा राहिला तर सगळी मेहनत वाया जाते. या काळात तुम्हाला स्वतःला ही पद्धत सवयीची होईल आणि सॉफ्टवेअरमध्ये नेमके काय हवे हे समजेल. मग दुसऱ्या सहामाहीत पाच किंवा सहा संगणकांपुरता परवाना घ्या आणि एका संगणकावर दोन मुले बसवा. मला एकेकट्यापेक्षा जोडीने बसलेली मुले अधिक शिकताना दिसली आहेत, कारण मोजण्याआधी त्यांना एकमेकांना कारण सांगावे लागते.

बिघाडांची यादी मात्र सॉफ्टवेअरवर सोपवू नका. गावातील चार-पाच गॅरेजवाल्यांकडे जा, त्यांच्या जुन्या वह्यांतील किंवा जॉब कार्डांवरील गेल्या वर्षभरातल्या अडलेल्या तक्रारी उतरवून घ्या आणि त्यांतून तुमचे बिघाड तयार करा. मी अशाच एका कार्डाने वर्गाची सुरुवात करतो. एप्रिलमधील दुपार, पेट्रोल कार, आणि मालकाचे शब्द जसेच्या तसे: ‘उन्हात चालता चालता बंद पडती, अर्धा तास थांबलं की आपोआप सुरू होती.’ क्रँक सेन्सरची कॉइल तापली की आतून सुटते आणि थंड झाली की जुळते; कार गॅरेजपर्यंत पोहोचते तोवर सगळी मोजमापे निर्दोष येतात. सिम्युलेशनमध्ये इंजिनचे तापमान वाढवून हा बिघाड दाखवता येतो का, हे तुमच्या विक्रेत्याला विचारा, आणि कार्यशाळेत तो दाखवताना सेन्सरवर हेअर ड्रायरने गरम हवा सोडा, मीटर ओहमवर लावून ठेवा आणि आकडा कधी उडतो ते मुलांना पाहू द्या.